घरचे सहा लाइट

वायरमनकडे किस्से आपोआप साठतात. माणूस शिडीवर चढला, मान वर केली आणि हात छतात घातला, की खालची मंडळी त्याला विसरूनच जातात. त्यांना वाटतं, हा वर गेला म्हणजे याचे कानही वर गेले! मग सासू सुनेला बोलते, बाप पोराला बोलतो, नवरा-बायको सकाळी अर्धं राहिलेलं भांडण पुरं करून घेतात. आपण वर कनेक्टर पिळत सगळं ऐकत असतो. त्यातून आमचं काम स्वयंपाकघरातलं. हॉलमध्ये लोक पाहुण्यांसारखे बोलतात. खरं बोलतात ते ओट्यापाशी.

पेणमध्ये आमचं दुकान आहे. आमचं म्हणजे शेठचं. मी आणि याकूब असे आम्ही दोन वायरमन, वीसेक वर्षं एकाच शिडीवर. मी वर असलो की तो शिडी धरतो, तो वर असला की मी. याकूब रोह्याचा, रोज येऊन-जाऊन करतो. काउंटरवर प्रतिभाताई. पूर्वी आम्ही ट्यूबा, चोक, स्टार्टर यांत रमलेलो असायचो. गेली काही वर्षं एकच काम जोरात आहे. किचनचे जुने डाउनलाइट काढा आणि जास्त टिकणारे एलईडी बसवा! ज्याच्या त्याच्या घरी पीओपीचं छत, छताला भोकं आणि त्या भोकांत सारखे उडणारे जुने दिवे.

शेठचा एक कायदा आहे. कार्ड फाडल्याशिवाय शिडी दुकानाबाहेर जाणार नाही. कार्डावर वरती पत्ता, मध्ये काम, खाली गिऱ्हाइकाचा शेरा आणि सही. संध्याकाळी प्रतिभाताई सगळे शेरे मोठ्याने वाचणार आणि शेठ ऐकणार. हे कार्ड लक्षात राहू द्या.

*

प्रतिभाताई कार्डावर नाव लिहीत नाहीत. त्यांचं म्हणणं, "पेणमध्ये म्हात्रे आणि पाटील किती? नावानं कोण सापडतंय?" म्हणून त्या खूण लिहितात. 'तळ्याजवळ, कुत्रा चावतो.' 'मार्केट, जिना अंधारा.' आम्हालाही ते बरं पडतं.

एकदा कार्ड आलं, 'बँकेच्या मागे, दुसरा मजला, बाई कटकटी.'

काम झालं. मी सहीसाठी कार्ड पुढे केलं आणि मग आठवलं की वर काय लिहिलंय! बाईंनी चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत शांतपणे वाचलं. याकूब शिडी घेऊन एव्हाना जिन्यात पोचला होता.  बाईंनी पेन मागितलं, शेरा लिहिला, सही केली, दार लावून घेतलं.

संध्याकाळी प्रतिभाताईंनी वाचलं, "काम ठीक झाले. कटकटी बाई समाधानी आहे."

शेठ आठवडाभर हसत होते. प्रतिभाताईंची सवय मात्र गेली नाही.

*

रोह्याच्या पुढे, नदीच्या कडेला एक गाव आहे. तिथलं घर याकूबच्या ओळखीतलं. मुलगा आखातात कामाला. दोन मजली घर, बाहेरून गुलाबी, आणि किचन एवढं की आत पंगत बसेल. छताला चोवीस लाइट. चोवीस!

राहतं कोण? एकटी म्हातारी आई. आम्ही गेलो तेव्हा ती मागच्या पडवीत चुलीवर भाकरी भाजत बसली होती. आत ओट्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

याकूब म्हणाला, "चाची, इतकं मोठं किचन आसून बाहेर का?"

"आत कॅमेरा हाय. छताला धूर लागला का पोरगा तिकडनं वरडतो," ती म्हणाली. "जुम्म्याला मी सगले लाईट पेटवते. तो बघतो, मग बंद करते."

आम्ही चोवीसच्या चोवीस बदलले. मान मोडली. मग मुलाचा व्हिडिओ कॉल आला. याकूब मोबाइल धरून त्याला एकेक लाइट दाखवायला लागला. तेवढ्यात म्हातारी हात धुऊन, डोक्यावरचा पदर नीट करून आत आली आणि बरोबर मोबाइलसमोर उभी राहिली. पोराचा चेहरा बघत होती. तिकडून आवाज आला, "याकूबभाय, अम्मीला जरा बाजूला करा ना. कोपऱ्यातला लाइट दिसत नाय."

म्हातारी बाजूला झाली.

येताना याकूब गाडीवर शिव्या देत होता. कोणाला ते मी विचारलं नाही.

*

आता आमच्या घरचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

घर बांधलं तेव्हा मी हौसेने किचनला पीओपी करून घेतलं आणि सहा डाउनलाइट बसवले. आमच्या आळीत पहिले आमचेच! बायका बघायला आल्या होत्या. माझी बायको मंदा पहिला महिनाभर भर दुपारीसुद्धा ते लावून तांदूळ निवडत बसायची. मी ओरडायचो, ती आणखी एक लावायची.

मग एक गेला.

"अवो, ओट्यावरचा लाइट गेलाय."

"करतो गो."

मग दुसरा गेला. मग तिसरा. मी म्हणायचो रविवारी करतो, आणि रविवारी नेमकं कोणाचं तरी कार्ड निघायचं. चौथा गेला त्या दिवशी याकूब आमच्याकडे जेवायला होता. मंदाने विषय काढला. मी घास तोंडात घालता घालता म्हटलं, "असं तोंडी सांगून कसं चालंल? कार्ड फाड, नंबर लाव! कार्डाबिगर शिडी हलत नाय, शेठचा कायदा हाय."

याकूब हसला, मी हसलो. मंदाही हसली. ती हसली म्हणून तो विनोद मी पुढे दोन वर्षं वापरला. दर वेळी ती हसत होती की नाही ते मी बघितलं नाही.

*

'भूत. किचन.' एवढंच लिहिलेलं एक कार्ड निघालं होतं.

वडखळजवळच्या एका घरात नवीन लाइट बसवल्यापासून बटण बंद केलं तरी ते बारीक पेटलेले राहायचे. काजव्याएवढे, पण राहायचे. घरातली आजी दोन महिन्यांपूर्वी गेलेली. मग काय! सगळ्यांनी मिळून ठरवलं की आजीचा जीव स्वयंपाकघरात अडकलाय. भगत आला, नारळ झाले, कोंबडा झाला. लाइट आपले बारीक पेटलेलेच. शेवटी सुनेने गुपचूप आम्हाला फोन केला.

याकूबने बोर्ड उघडला, टेस्टर लावला आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. बटणावर फेजच्या जागी न्यूट्रल आणलेली होती. साधी चूक. बटण बंद केलं तरी लाइटपर्यंत करंट जागाच राहतो, आणि हे नवीन लाइट एवढ्या-तेवढ्यावरही जागतात. जुना बल्ब असता तर कोणाला कधी कळलंही नसतं. दोन वायरी उलट केल्या, भूत गेलं.

घरच्या म्हाताऱ्याने हात जोडले. आम्हाला नव्हे, कोपऱ्यातल्या नारळाला. "भगताचा गुण आला बघ. जरा उशिरा आला, पण आला!"

सून आमच्याकडे बघत राहिली. तिने शेऱ्यात काहीच लिहिलं नाही, नुसती सही केली.

बाहेर आल्यावर याकूब म्हणाला, "ही वायरिंग कोनी केल्ती रं? आसला गाढव कोन?"

मी गाडीला किक मारली. वायरिंग माझीच होती, पंचवीस वर्षांपूर्वीची, याकूब दुकानात यायच्या आधीची.

*

धरमतरच्या खाडीकडे एक बाबा राहतात. पूर्वी त्यांची जमीन होती, ती मुलाने आपल्या नावावर करून घेऊन विकली आणि जेटीला लागून असलेल्या मोठ्या आवारात गेली. आता दोन खोल्या, एक किचन, आणि किचनला मुलाने हौसेने लावलेले चार लाइट. चारही गेलेले. मुलगा पनवेलला.

मी नवीन लाइट बसवत होतो आणि बाबा खाली पाटावर बसून एकेकाची चौकशी करत होते.

"किती टिकंल रं ह्यो?"

"बाबा, दहा-बारा वर्षं. अगदी डोळे झाकून!"

"डोले झाकूनच," बाबा म्हणाले. "तवा माझे झाकलेलेच आसतील."

मी पुढचा लाइट भोकात बसवला.  सगळं झाल्यावर मी वॉरंटीचा कागद काढला आणि नाव विचारलं. बाबांनी मुलाचं नाव सांगितलं. मी म्हटलं, "बाबा, राहता तुम्ही, तुमचंच नाव लिहितो."

"नको. त्याचंच लिव. जमीन त्यानं मी जित्ता आसताना घेतली. लाइट तरी मेल्यावर घेऊ दे!"

*

पेणला गणपतीचे कारखाने किती आहेत ते मी सांगायला नको. त्यातल्याच एका मूर्तिकाराच्या घरचं कार्ड होतं, 'गणपतीवाले, किचन, आठ लाइट.'

गेलो तर छताला आठ भोकं आणि भोकांतून लोंबणाऱ्या वायरी. लाइट एकही नाही. मी म्हटलं, "काकी, लाइट कुठायत?"

"कारखान्यात. डोल्यांच्या आखणीला उजेड लागतो ना, यांनी काढून नेले."

ठीक आहे, कामाचा माणूस. आम्ही आठ नवीन बसवले. पुढच्या वर्षी हंगामात पुन्हा तेच कार्ड, पुन्हा तीच आठ भोकं! काकी खिडकीशी, जेवढा उजेड येत होता तेवढ्यात, कोळंबी सोलत बसल्या होत्या. आम्ही काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "शेकड्यांनी डोले काढतो ओ ह्यो मानूस. त्यातल्या एका डोल्यानं माझ्याकडं बघितलं नाय."

मूर्तिकार दारातच उभा होता, हातात कुंचला. तो खदखदून हसला. "तिचं काय येवढं! तिला अंधारातपन येतं सगलं!"

सगळ्यात जास्त मी हसलो. याकूब हसला नाही. शिडी उचलताना तो मला म्हणाला, "तुझ्या घरी किती ऱ्हायले रं आता?"

एक राहिला होता. तोही फ्रिजवरचा.

*

त्याच पावसाळ्यात शेठ आणि याकूब आमच्याकडे जेवायला आले होते. मंदाने ओट्यावर डाळीच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवला होता आणि त्याच्या टॉर्चवर ती सगळं करत होती. वालाचं बिरडं, सोलकढी, पापलेट तळलेलं, वाडा कोलमचा भात. मी हॉलमध्ये शेठना सांगत होतो की तालुक्यातली निम्मी किचनं आपण उजळली! शेठ मान डोलवत होते.

भाताचा तिसरा घास घेतला आणि दाढेखाली खडा आला. कचकन. शेठनी ऐकलं.

मी ओरडलो, "डोळे फुटले काय गो तुझे?"

असं मी बोललो. शेठसमोर बोललो, याकूबसमोर बोललो. आज आठवलं की अजून कानशिलं तापतात.

मंदा आली. माझ्या ताटाच्या कडेला काढून ठेवलेला खडा तिने उचलला, तळहातावर घेतला, हॉलच्या ट्यूबखाली जाऊन नीट बघितला. "व्हय, मोठा हाय," ती म्हणाली. "दिसायला पायजे होता."

मग ती आत गेली आणि दुसरा भात वाढून आणला.

दुसऱ्या दिवशी मी दुपारी काहीतरी विसरलं म्हणून घरी गेलो तर दारात याकूब, खांद्यावर शिडी! कार्ड नाही, काही नाही, स्वतःच्या सुट्टीत आलेला. पिशवीत सहा लाइट. मी त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. "माझ्या घरात दुसऱ्या वायरमनची शिडी? आळीतले लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मरू दे," तो म्हणाला. "भाभी काय म्हनते ते इचारलंस कधी?"

मंदा आतून ऐकत होती. मी तिला विचारलं नाही. याकूब शिडी घेऊन गेला.

*

आठवड्याने मंदा रोह्याला भावाकडे गेली. "भावजयचं ऑपरेशन हाय. आठ दिवस लागतील," म्हणाली. जाताना फ्रिजवरचा लाइट बंद करून गेली.

आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला, मग दोन झाले. फोनवर एवढंच, "बरी हाय मी. तुमी जेवलात?" मी जेवायचो, मार्केटमधल्या खानावळीत. रोह्याला जाऊन यावं असं रोज वाटायचं. पण रोह्याचं एखादं कार्ड निघालं की त्याच फेरीत जाऊ, असं मी ठरवलेलं. खास उठून जायची आम्हाला सवय नाही.

हां, एक गोष्ट मात्र मी केली. दुकानातून सहा लाइट आणले. सगळ्यात चांगले, वॉर्म व्हाइट, म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळसर उजेड देणारे. तिला पांढरा उजेड आवडत नाही. दुकानाच्या मालात मिसळायला नकोत म्हणून खोक्यावर मार्करने मोठं 'घर' लिहिलं आणि खोकं फ्रिजवर ठेवून दिलं. लावले नाहीत. ती नसताना लावून काय उपयोग? ती आली की तिच्यासमोर शिडी लावायची, एकेक पेटवायचा आणि तिचं तोंड बघायचं, असा बेत होता.

रोज सकाळी मी त्या खोक्याकडे बघून कामाला जायचो. मला वाटायचं, अर्धं काम झालंच की!

*

याच सुमाराला शेठनी आम्हाला काउंटरपाशी बोलावलं. दुकानात तीन दिवस एकही कार्ड फाटलेलं नव्हतं. शेठ मला म्हणाले, "म्हात्रे, तुम्ही दोघांनी सगळ्या तालुक्याला टिकणारे लाइट लावले. आता आपल्याला बोलावणार कोण? आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला!"

हे खरं होतं. पूर्वी एका किचनला वर्षात तीन खेपा व्हायच्या. चहा व्हायचा, पोरं मोठी झालेली दिसायची. आता एकदा लाइट बसवला की ते घर दहा वर्षं आपलं तोंड बघत नाही.

याकूब म्हणाला, "शेठ, आता घरात लाइट बिघडत नाय. जे बिघडतं, तिथं आपली शिडी पोचत नाय."

शेठना ते कळलं नाही. ते म्हणाले, "ते काही असो. यापुढे आलेलं कार्ड परत जाता कामा नये. स्टॉक नसेल तर कुठूनही पैदा करा, पण गिऱ्हाइकाला थांबवू नका."

*

आणि मग ते कार्ड आलं.

'रोहा, स्टेशनकडची बिल्डिंग, पहिला मजला. कंपनीच्या पोरांचे डबे करतात त्या बाई. किचन, सहा डाउनलाइट, वॉर्म.'

प्रतिभाताई म्हणाल्या, "विलासदादा, अकरा म्हणजे अकराला पोचा. बाईंनी दोनदा सांगितलंय. सकाळचे डबे गेले की त्यांना तेवढाच वेळ असतो."

मला आनंदच झाला. रोह्याचं कार्ड! काम उरकून मंदाच्या भावाकडे जायचं, जमलं तर तिला घेऊनच यायचं. याकूबला म्हटलं चल. तो म्हणाला, "माझी पाठ धरलीय, तू एकटा जा." सकाळी त्याच पाठीवर त्याने वायरचं अख्खं बंडल आणलेलं मी बघितलं होतं.

दुकानात बघतो तर वॉर्म व्हाइट संपलेले. पांढरे होते, वॉर्म एकही नाही. शेठ तर म्हणालेच होते, कुठूनही पैदा करा. मी घरी गेलो, फ्रिजवरचं खोकं काढलं आणि पिशवीत टाकलं. घरचे काय, पुढच्या मालात दुसरे येतील!

अकराला पाच कमी असताना मी बेल वाजवली. दार मंदाने उघडलं.

मी दारातच उभा. ती दचकली नाही. हाताला तांदळाचं पीठ होतं. मागे ओळीने स्टीलचे डबे, मोठी पातेली, आणि आणखी एक बाई कांदा चिरत बसलेली. छताला सहा डाउनलाइट, सगळे गेलेले.

"या," मंदा म्हणाली. "शिडी भिंतीला टेकवू नका, रंग नवीन हाय."

मी शिडी मांडली. घरी मी कधी वर चढलो की मंदाच शिडी धरायची. मी तिच्याकडे बघितलं. तिने मागे वळून हाक मारली, "गो वंदना, शिडी धर जरा."

कांदा सोडून ती बाई आली, तिने शिडी धरली. मी एकेक जुना लाइट काढला, एकेक नवीन बसवला. लाइटची स्प्रिंग दोनदा बोटावर बसली. चौथा लावताना मी वरूनच विचारलं, "घरी कधी येनार?"

खाली भाकरी थापल्याचा आवाज थांबला नाही. "कार्डावर काय लिवलंय तेवढं करा," ती म्हणाली.

सहावा बसवला. तिने बटण दाबलं. सहाच्या सहा पेटले, अगदी तिला आवडतो तसा पिवळसर उजेड! ती वर बघत राहिली. हेच तोंड मला बघायचं होतं, आणि बघवलं नाही. मी सामान भरायला खाली वाकलो. तेवढ्यात ओट्यावरचं रिकामं खोकं तिने हातात घेतलं. त्यावरचं माझं अक्षर वाचलं.

"घरचे आनलेत?"

"दुकानात माल नव्हता," मी म्हटलं.

"म्हंजे घरचे होते," ती म्हणाली. "आनि गिऱ्हाइकाला द्यायला काढलेत."

मी शिडी मिटायला घेतली. कांदा चिरणारी बाई माझ्याकडे बघायला लागली. मंदाने खोकं नीट घडी करून कपाटावर ठेवलं, हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "आना ते कार्ड. सही कुटं करायची?"

मी बोट दाखवलं. तिने बराच वेळ लिहिलं, कार्ड दुमडलं आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवलं. मग मला बशी लावून कपात चहा दिला, बाहेरच्या माणसाला देतात तसा. मी प्यायलो. पुढे तिच्या भावाकडे गेलो नाही, सरळ पेणला आलो.

संध्याकाळी प्रतिभाताईंनी कार्ड उघडलं. याकूब दाराशी उभा होता, त्याची पाठ बरी झालेली दिसत होती. प्रतिभाताईंनी घसा साफ करून मोठ्याने वाचलं, "वायरमन सांगितलेल्या वेळेवर आले. एका खेपेत सगळे लाइट लावले. मधे उलट बोलले नाहीत. उजेड चांगला पडलाय, आता तांदळातला खडासुद्धा दिसतो."

"वा!" शेठ म्हणाले. "म्हात्रे, असा शेरा आजवर कुणालाच मिळाला नाय!"

ते कार्ड शेठनी काउंटरच्या काचेखाली लावलंय. गिऱ्हाईक आलं की त्यावर बोट ठेवतात आणि मला हाक मारून दाखवतात, "हे बघा, हा आमचा माणूस."